अलिबागच्या बंगल्यांचा भाव कशावर ठरतो?

लेखमाला : किनारा आणि घरबाजार – लेखांक 4

मागील लेखांकात मुंबईतील समुद्राभिमुख इमारतींचा विचार केला. तेथे मोकळी जमीन जवळजवळ संपल्यामुळे भाव मजल्यागणिक चढतो. बंदरापलीकडच्या अलिबाग तालुक्यात मात्र वाड्या, भातशेती आणि माळ अजून विस्तीर्ण दिसतात, तरीही मांडवा, आवास, सासवणे, किहीम, थळ या पट्ट्यातील आलिशान बंगल्यांचे भाव चढेच आहेत. या विसंगतीचे मूळ असे की, दिसणारी जमीन आणि कायद्याने बांधता येणारी जमीन यांत मोठे अंतर आहे, आणि बंगल्याचा भाव दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर ठरतो.

मागणीची बाजू प्रवासाच्या वेळेशी बांधलेली आहे. पेण-वडखळमार्गे रस्त्याने मुंबई सुमारे 100 किलोमीटर पडते, तर गेटवे ते मांडवा लाँच साधारण तासाभरात पोहोचते, पण ती पावसाळ्यात बंद असते. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा, म्हणजे प्रवाशांसोबत मोटारीही वाहून नेणारी बोट, सुरू झाली आणि त्याच सुमारास टाळेबंदीमुळे घरून काम करण्याची पद्धत रूढ झाल्याने, सुट्टीपुरता वापरला जाणारा बंगला अनेकांना दुसरे राहते घर वाटू लागला. 12 जानेवारी 2024 रोजी 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. मात्र सेतू उतरल्यानंतरचा वडखळकडील रस्ता जुनाच असल्यामुळे, धरमतर खाडीवर होऊ घातलेल्या रेवस-करंजा पुलाकडे बाजाराचे लक्ष लागले आहे. आजच्या भावात उद्याच्या पुलाचा हिस्सा आधीच मिसळलेला असतो, हे खरेदीदाराने ध्यानात घ्यावयास हवे.

पुरवठ्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. 1948 च्या कुळकायद्यातील कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. शासनाच्या नियोजन आराखड्यात रहिवासी वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना यातून सूट आहे. त्यामुळे एनए, म्हणजे अकृषिक वापराची मुभा मिळालेला भूखंड शेजारच्या शेतापेक्षा बराच महाग असतो. सातबाऱ्यावर अनेक वारसांची नावे असतील, तर सर्वांच्या संमतीशिवाय संपूर्ण जमिनीचा व्यवहार निर्वेध होत नाही.

यावर किनारा नियमन क्षेत्राचा, अर्थात सीआरझेडचा, निर्बंध येतो. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा त्याखाली मोडतो. 2019 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन गट केले असून, 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या भागात ना-विकास क्षेत्र 50 मीटरचे, तर विरळ वस्तीच्या भागात 200 मीटरचे ठरवले आहे. ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, परंतु नवा खासगी बंगला उभारता येत नाही; म्हणूनच वाळूला लागून असलेली जुनी, अधिकृत घरे दुर्मीळ ठरतात. हे निर्बंध केवळ कागदावर नाहीत, याची साक्ष मार्च 2019 मध्ये किहीम येथे नियंत्रित स्फोटाने पाडलेल्या हिरे व्यापारी नीरव मोदी यांच्या बंगल्याने दिली.

अशा बाजारात व्यवहार थोडे आणि प्रत्येक मालमत्ता वेगळी असल्यामुळे ‘चालू भाव’ हा बहुधा मागितलेला भाव असतो. प्रत्यक्ष ठरलेली रक्कम नोंदणीकृत खरेदीखतातूनच कळते. मुद्रांक शुल्क मात्र खरेदीखतातील रक्कम आणि शासनाचा रेडी रेकनर दर यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारले जाते. शिवाय आठ किंवा त्याहून कमी घरांच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नसल्याने, चार-सहा बंगल्यांच्या छोट्या संकुलात नोंदणीमुळे मिळणारे संरक्षण ग्राहकाला लाभेलच असे नाही, आणि कागदपत्रांच्या तपासणीचा भार त्याच्यावरच येतो.

तात्पर्य, अलिबागमध्ये समुद्राचे दर्शन भाव वाढवते खरे, पण भावाला आधार देतात ते निर्वेध सातबारा, अकृषिक परवानगी आणि सीआरझेड नकाशातील स्थान; यांपैकी एकही कच्चे असेल, तर चढ्या बाजारातही बंगला विकताना अडतो. बांधकामानंतर उभा राहणारा गोड्या पाण्याचा प्रश्न, विशेषतः किनाऱ्यालगतच्या कूपनलिकांत शिरणारे खारे पाणी, हा पुढील लेखांकाचा विषय असेल.