क्षयाचा चिवट जंतू

“खोकला थांबला, वजनही भरलं, आता कशाला त्या गोळ्या?” क्षयाचा रोगी असलेल्या घरात हा प्रश्न निघतोच. उत्तर आहे त्या जंतूच्या स्वभावात.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू शोधून काढला. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. शरीरातल्या रक्षक पेशी त्याला गिळतात खऱ्या, पण पुष्कळदा पचवू शकत नाहीत. हा त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो! कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. काही तर निपचित पडून राहतात, आणि अशांवर औषध फार सावकाश चालतं. म्हणून साध्या क्षयालाही साधारण ६ महिने गोळ्या. मध्येच सोडल्या, तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात आणि कधीकधी औषधाला दाद देईनासे होतात.

आणखी एक. हा रोग हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. तेव्हा सुनेला क्षय झाला म्हणून तिची भांडी वेगळी काढू नका, तिला माहेरी धाडू नका. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. गोळी मात्र रोज, आठवणीनं, तुमच्या देखत घेतली जाऊ दे.