मेंदूचा मुका मार

तोरंगण घाटात पावसाळ्यात दुचाकी घसरली, की मोखाड्याचा गडी कपडे झटकून उठतो. रक्त नाही, हाड शाबूत. ‘मुका मार आहे, जाईल,’ म्हणत पुन्हा किक मारतो. डोक्याच्या बाबतीत हा शब्द फारच नेमका आहे. मेंदूला सौम्य इजा झाली असेल, तर सीटी स्कॅनही बहुधा मुकाच राहतो.

धक्क्याने मेंदू कवटीत हिंदकळतो. चेतातंतू ताणले जातात, पेशींतला क्षारांचा तोल ढळतो आणि तो सावरण्यात त्यांची शक्ती खर्च होते. मग डोके जड, उजेड नकोसा, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो. बहुतेकांचे हे काही आठवड्यांत निवळते. काहींचे महिनोन्‌महिने रेंगाळते.

या रेंगाळणाऱ्यांवर विजेचा प्रयोग चालू आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावतात, त्यातला एक बहुधा कपाळाच्या डाव्या अंगाला. एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह वीसेक मिनिटे सोडतात आणि त्याच वेळी पडद्यावरचे आकडे लक्षात ठेवायचा सराव करून घेतात. एवढ्याशा प्रवाहाने पेशी पेटत नाहीत, जरा सावध होतात. त्यामुळे सराव अंगी मुरावा, ही अपेक्षा. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला अर्धा मिनिट मुंग्या आणून प्रवाह गुपचूप बंद करतात. गंमत म्हणजे त्यांनाही पुष्कळदा बरे वाटते! चाचण्या लहान, निकाल उलटसुलट. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत डोक्याला मार लागलेल्यांना स्मरण-अवधानाचे धडे देण्यावर बरेच काम झाले आहे, पण तेही आठवडेच्या आठवडे चालणारे.

तेव्हा मोखाड्याशेजारच्या जव्हारला असले विजेचे यंत्र नाही म्हणून हळहळू नये. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने खेळाडूंसाठी सांगितलेला उपाय बिनखर्चाचा आहे: एक-दोन दिवस आराम, मग हलके चालणे, कामाचा भार हळूहळू वाढवणे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहणे आता कालबाह्य.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या जोडप्याला हे दोन दिवस कोण देणार? फिटायची असते ती उचल. डोके दुखते म्हणून मुकादम हजेरी मांडत नाही. यंत्राआधी सोडवायला हवा तो हा प्रश्न.

मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, गुंगी, बोबडे बोलणे किंवा नाका-कानातून पाणी दिसले, तर मात्र भगताकडे वा घरगुती लेपात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.