बस आधी मोडा, मग विका

सार्वजनिक मालमत्ता जीर्ण झाली की तिचा लिलाव करून चार पैसे खजिन्यात आणावेत, हा हिशेब वरवर पाहता निर्दोष वाटतो. बसगाडीच्या बाबतीत मात्र तो अपुरा आहे. पंधरा वर्षे रस्ता तुडवलेली गाडी जशीच्या तशी दुसऱ्याच्या हाती गेली, तर ती निवृत्त होत नाही. केवळ मालक बदलते. आगारातील देखभाल मागे राहते, झिजलेले यंत्र आणि काळा धूर तेवढा पुढे जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर लिलावाच्या किमतीत तिसऱ्याच माणसाने सोसलेली हानी धरलेलीच नसते.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान व अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लक्ष वापरलेली हलकी वाहने निर्यात झाली आणि त्यांतील सुमारे चाळीस टक्के आफ्रिकेत गेली, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. श्रीमंताने टाकलेला धोका गरिबाच्या दारी जातो, तो असा.

म्हणूनच केंद्र शासनाची जानेवारी २०२३ ची अधिसूचना स्वागतार्ह ठरते. तिच्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून शासन, महापालिका व राज्य परिवहन उपक्रम यांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावी लागतात. तेथे सांगाड्यावरील क्रमांक कापून घेतला जातो व मोडीचे प्रमाणपत्र दिले जाते. विकले जाते ते पोलाद, बस नव्हे.

परंतु हा नियम जुनी बस काढतो, नवी देत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यातील विद्यार्थ्याचे शिक्षण या गाडीवर अवलंबून आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास व मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे अशा सवलती मिळाल्या. पण फेरीच रद्द झाली तर सवलत कोठे वापरायची? मग जळगाव-धुळ्याकडचा विद्यार्थी खचाखच भरलेल्या काळी-पिवळीचा आधार घेतो. पुढच्या दाराने घालविलेला धोका मागच्या दाराने परत येतो, तो असा.

उपाय नवा नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच, राज्य शासन निर्देश देईल त्याप्रमाणे घसाऱ्याची तरतूद करावी, असे म्हटले आहे. पंधराव्या वर्षी गाडी जाणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. तेव्हा तिच्या जागेची रक्कम दरवर्षी बाजूला पडली पाहिजे. त्यासाठी सवलतींची भरपाई शासनाने महामंडळास वेळेवर द्यावी आणि कोणत्या आगारातून किती गाड्या केव्हा जाणार व त्यांच्या जागी किती येणार, हे आधी जाहीर करावे. जुनी बस मोडलीच पाहिजे. मात्र तिची फेरी मोडता कामा नये, एवढी हमी पिंप्राळ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या प्रवाशाने मागितली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.