टाकी आली, तरी चूल का पेटते?

आजचा एपिसोड माझ्या मावशीच्या खोकल्यापासून सुरू करतो. ती यवतमाळकडच्या एका खेड्यात राहते. दम लागतो म्हणून मागच्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी आधी विचारलं, "विडी वगैरे ओढता का?" मावशी हसायलाच लागली. विडी नाही, पण चाळीस वर्षं चूल फुंकलीय तिनं.

सरपण पूर्ण जळत नाही तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि अगदी बारीक कण निघतात. ते कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यातून सीओपीडी होतो, विडीला हात न लावताही! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या अशा धुरानं जगभरात 32 लाख माणसं दगावली.

आता तुम्ही म्हणाल, उज्ज्वला योजना आहे ना? आहे की. 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियात ती सुरू झाली. दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या, त्याही घरातल्या बाईच्या नावावर. मावशीकडेही टाकी आहे. पाहुण्यांचा चहा गॅसवर, भाकरी मात्र चुलीवर. मला वाटायचं, चवीसाठी असेल.

हिशेब वेगळाच निघाला. 14.2 किलोची टाकी भरून घेताना पूर्ण पैसे आधी मोजायचे, सबसिडी मागाहून खात्यात येते. मजुरी रोजची, तीही काम असेल तर. एकरकमी पैसे आणायचे कुठून? सरपणाला रोख लागत नाही. लागतात मावशीचे तीन तास, डोक्यावर मोळी घेऊन. ते तास घरात कुणी धरतच नाही, म्हणून सरपण 'फुकट'. खरं सांगू, मीही कधी धरले नव्हते. उज्ज्वलाची घरं वर्षाला सरासरी चारेकच टाक्या भरून घेतात, त्यामागे हाच हिशेब मोठा आहे.

आणखी एक गंमत. टाकी मावशीच्या नावावर, पण बुकिंगचा मोबाइल नंबर काकांचा! म्हणजे टाकी कधी मागवायची, ते काका ठरवणार.

5 किलोची छोटी टाकीही या योजनेत घेता येते, हे मावशीला माहीतच नव्हतं. मागच्या महिन्यात मी ती सांगून आलो आणि नंबरही बदलून घेतला. परवा तिचा फोन आला, "अरे, ओटीपी आलाय. हा कुणाला सांगायचा?"