खोडलेली नोंद आणि शाबूत रुमाल

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि सूचीवाचून त्यांतला एखादा शोधू म्हणणाऱ्यास एक आयुष्य पुरावयाचे नाही. आता अशी कल्पना करा की, एखाद्या कारकुनाने सूचीतील एका ओळीवर काट मारली आणि रुमालाला हातही न लावता तो घरी निघून गेला. शोधणाऱ्यास कागद नाहीसा झालासा वाटेल, परंतु वस्तुतः तो फडताळात जिथल्या तिथे असेल. संगणकावरील फाइल 'डिलीट' करून कचरापेटीही रिकामी केली, तरी हार्ड डिस्कवर बहुधा एवढेच घडते: नोंद रद्द होते, जागा मोकळी म्हणून लावली जाते, आणि मजकूर मात्र त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो.

दुसरे काही लिहिले गेले म्हणजे जुने सर्वस्वी बुजतेच, असेही नाही. विंडोजच्या नेहमीच्या रचनेत फाइलला जागा मिळते ती ४०९६ बाइटांच्या खणांनी, आणि अशा खणात ५१२ बाइटांचे आठ सेक्टर असतात. तेथे १००० बाइटांचे नवे पत्र येऊन राहिले तर ते पहिले दोन सेक्टर व्यापते, आणि उरलेल्या सहांत आधीच्या बिऱ्हाडकरूचे ३०७२ बाइटांचे सामान राहून जाऊ शकते. तपासनीस हुडकतो ते हेच सामान.

अमेरिकेतील विचिटा शहरात व परिसरात १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करून 'बीटीके' या सहीने पत्रे पाठविणाऱ्या इसमाने २००४ साली पुन्हा पत्रव्यवहार आरंभिला, आणि फ्लॉपीवरून आपला माग लागेल काय, अशी पृच्छा चक्क पोलिसांकडेच केली. पोलिसांनी वर्तमानपत्रातील जाहिरातीतून त्यास निर्धास्त केले, आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी त्याची फ्लॉपी एका दूरचित्रवाणी केंद्रावर येऊन पोहोचली. तिच्यावर खोडलेली एक वर्ड फाइल होती, आणि त्या फाइलला चिकटलेल्या नोंदींत 'डेनिस' हे नाव व एका ल्यूथरन चर्चचा उल्लेख होता. त्या चर्चच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर. डीएनए तपासणीने संशयास दुजोरा दिला आणि २५ फेब्रुवारीस त्याला अटक झाली.

सापडलेला मजकूर न्यायालयात टिकावयाचा, तर मात्र मुद्देमालाची सचोटी सिद्ध व्हावी लागते. म्हणून जप्त डिस्क पंचनामा करून मोहरबंद करतात, आणि तपासणीच्या वेळी तिच्यावर अक्षरही उमटू न देणारे 'राइट ब्लॉकर' हे उपकरण मध्ये जोडून तिची बिट-न्-बिट नक्कल घेतात. पुढचे सारे काम त्या नकलेवर चालते. मूळ डिस्क व नक्कल या दोहोंचा 'हॅश', म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, काढून ते जुळतात ना हे पाहतात. एसएचए-२५६ या पद्धतीने तो चौसष्ट चिन्हांचा येतो, आणि डिस्कवरील एक स्वल्पविराम जरी हलला तरी तो पार बदलून जातो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हा हॅश नमूद करावयाचा असतो. तत्पूर्वी, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, मूळ यंत्रच पुढे आणलेले नसेल तर जुन्या कायद्याखालील प्रमाणपत्र अनिवार्य होय, असा निर्वाळा दिला होता.

नव्या धर्तीच्या एसएसडी या साठवण-यंत्रात खोडलेला मजकूर हाती लागण्याची आशा फार थोडी. 'ट्रिम' हा हुकूम सुटला की मोकळी ठरलेली जागा ती आपण होऊनच साफ करू लागते. साध्या हार्ड डिस्कवर मात्र खोडलेल्याचा खरा शत्रू म्हणजे नवे लिखाण. यास्तव वाचकहो, जुना संगणक विकताना संपूर्ण डिस्कवर नवे लिखाण फिरवून मगच तो हातावेगळा करा. आणि फसवणुकीची फिर्याद देण्याचा प्रसंग आला, तर तपासनीसाच्या हाती पडेतो त्या यंत्रावर एक ओळही नव्याने लिहू नका.