किती दिवस मागचं दिसतं?

दिवाळीला घराला कुलूप लावून गावी निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर वाटेतच घरच्या सीसीटीव्हीकडून ‘एचडीडी फुल’, म्हणजे डिस्क भरली, अशी सूचना येते आणि त्याचा जीव खाली-वर होतो. कॅमेरेवाल्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं असतं, “साहेब, फॉरमॅट मारून घ्या.” हे बटण दाबण्याआधी दोन मिनिटं थांबावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. फॉरमॅटने जागा रिकामी होते, पण डिस्क का अडली होती ते कारण तसंच राहतं. काही आठवड्यांनी पुन्हा तीच सूचना येते आणि मधल्या काळात नेमकं हवं होतं ते रेकॉर्डिंग मात्र गेलेलं असतं.

कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआर, दिवसरात्र लिहीत असतं, त्यामुळे त्याच्यातली डिस्क आज ना उद्या भरणारच. नीट लावलेल्या यंत्रात डिस्क भरलेलीच असते. रहाटगाडग्यासारखं हे काम चालतं. सगळ्यात जुना तास पुसला जातो आणि त्या जागी नवा तास लिहिला जातो. सेटिंगमध्ये याला ‘ओव्हरराइट’ म्हणतात. म्हणून घरमालकाने आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतःला वेगळाच प्रश्न विचारायला हवा : आज या क्षणी मला किती दिवस मागचं दिसतं? चोरी झाली, गाडीला कुणी धडक देऊन गेलं, की या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच शोधलं जातं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

उत्तर शोधायला कुणाला बोलवावं लागत नाही. टीव्हीला जोडलेल्या डीव्हीआरचा माउस हातात घ्या आणि ‘प्लेबॅक’ उघडा. कोपऱ्यात महिन्याचं कॅलेंडर दिसेल. ज्या तारखांचं रेकॉर्डिंग आहे त्यांवर खूण असते किंवा त्यांचा रंग वेगळा असतो. सगळ्यात जुनी तारीख निवडा. खाली चोवीस तासांची पट्टी येईल. ती सलग रंगलेली आहे की मध्ये पोकळ जागा आहेत ते पाहा. मग कालची तारीख घेऊन पहाटे तीनचं चित्र चालवून बघा, एकेका कॅमेऱ्याचं वेगळं. थेट चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंगही होतंय, असं अजिबात गृहीत धरू नका. डिस्क पूर्ण बंद पडली तरी थेट चित्र झकास दिसत राहतं.

कालचा दिवस कोरा निघाला, तर आधी ओव्हरराइट तपासा. हिकव्हिजन कंपनीच्या बऱ्याच यंत्रांत ते स्टोरेजच्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागात असतं. दाहुआ कंपनीच्या यंत्रांत डिस्क भरल्यावर थांबायचं की जुन्यावर लिहायचं, असे दोन पर्याय मिळतात. मॉडेल जुनं-नवं असेल तशी नावं थोडी बदलतात. हे सेटिंग आपोआप सहसा बंद होत नाही. सोसायटीत काहीतरी घडतं, ‘फुटेज जाऊ नये’ म्हणून कुणीतरी ते बंद करतं, पोलीस येऊन जातात, आणि ते पुन्हा चालू करायचं राहून जातं. लॉक केलेल्या फाइलींचंही तेच. लॉक केलेला तुकडा यंत्र पुसत नाही. असे तुकडे साठत गेले की फिरती जागा आकसते आणि वीस दिवसांचे बारा दिवस होतात. उलट एखाद्या यंत्रात ‘सात दिवसांनी पुसा’ असं लावून ठेवलेलं असतं. तिथे डिस्क अर्धी रिकामी असूनही आठवा दिवस सापडत नाही. काही यंत्रांत प्रत्येक कॅमेऱ्याला जागेचा ‘कोटा’ नेमता येतो. एकाच कॅमेऱ्याचे दिवस कमी दिसत असतील तर तिथे डोकवावं.

हे सगळं ठीक असूनही दिवस कमी पडत असतील, तर मग हिशेब करायला बसावं लागतं. तो सोपा आहे. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा अखंड रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला 10.8 जीबी लागतात. हा एक आकडा लक्षात ठेवला की कॅमेरेवाल्याशी नीट बोलता येतं. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी 4 मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे 173 जीबी. 1 टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. तेच कॅमेरे 2 मेगाबिटवर आणले तर साडेअकरा दिवस मिळतात. महिनाभराचं हवं असेल तर जवळपास 2.6 टीबी लागतात, म्हणजे सरळ 4 टीबीची डिस्क घ्यावी. डीव्हीआरमध्ये 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि यंत्र 1024 च्या पटीत. मोठी डिस्क घेण्याआधी आपलं यंत्र कमाल किती टीबी ओळखतं, ते मात्र माहितीपत्रकात बघून घ्या.

पैसे न खर्चता दिवस वाढवायचे असतील तर पहिली पायरी कॉम्प्रेशनची. एच.264 हे मानक 2003 मधलं आणि एच.265 हे 2013 मधलं. नवं मानक साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवतं. यंत्राला एच.265 येत असूनही ते 264 वर चालत असल्याचं अनेक घरांत दिसतं, कारण बसवून गेलेल्या माणसाने कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवलेलं असतं. तारेच्या अॅनालॉग कॅमेऱ्यांसाठी हा बदल डीव्हीआरमध्ये होतो. आयपी कॅमेऱ्यात चित्र कॅमेराच दाबून पाठवतो, म्हणून तिथे कॅमेऱ्याचं सेटिंग बदलावं लागतं. दुसरी पायरी फ्रेमची. सेकंदाला 25 चित्रांऐवजी 12 किंवा 15 ठेवली तरी दारात आलेल्या माणसाची ओळख पटते. फक्त फ्रेम कमी करताना बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट याची, मर्यादाही सोबत खाली आणा, नाहीतर बचत होत नाही. आवाज बंद करून मात्र फारसं हाती लागत नाही. त्याला दिवसाला जेमतेम पाऊण जीबी लागतो. चित्राचं रिझोल्यूशन कमी करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. नंबरप्लेट वाचता येत नसेल तर तीस दिवसांचं रेकॉर्डिंग काय कामाचं?

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची सोय जागा खूप वाचवते, पण ती कुठे लावायची याचा विचार हवा. माझं मत असं, की मुख्य दार आणि पार्किंग अखंडच ठेवावं. जिना, गच्ची, घरातली खोली यांना हालचालीवर ठेवायला हरकत नाही. तिथे घटनेआधीचे पाच-दहा सेकंदही साठवले जातील, असं ‘प्री-रेकॉर्ड’ लावावं.

या सोयीचा सगळ्यात मोठा शत्रू रात्री येतो. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. त्या उजेडाकडे चिलटं येतात आणि चिलटांमागे कोळी येतो. तो भिंगासमोरच जाळं विणतो. पहाटेचं रेकॉर्डिंग उघडलं तर चित्रभर एक जाड पांढरी दोरी वाऱ्यावर हलताना दिसते. ती जाळ्याची एक तार असते, भिंगाला अगदी चिकटून असल्यामुळे दिव्यात उजळलेली. यंत्राच्या लेखी ती अखंड हालचाल, म्हणून रात्रभर रेकॉर्डिंग चालू. अंगणातली जास्वंद, वाळत घातलेली साडी, दारातला आकाशकंदील हेही तेच करतात. भिवंडी-कल्याणपासून सावंतवाडीपर्यंत पावसाळ्यात तर भिंगासमोरून ओघळणारं पाणीही यात भर घालतं. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने कॅमेरा पुसा आणि हालचाल टिपण्याच्या चौकटीतून झाडाचा, दोरीचा भाग वगळा. नुसत्या हालचालीऐवजी माणूस किंवा वाहन ओळखण्याची सोय असेल, तर तीच वापरा.

तारखेचा घोटाळा कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. डीव्हीआरच्या आत, मदरबोर्डवर सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी असते. वीज गेल्यावर घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की वीज येताच यंत्र 2000 सालात किंवा अशाच कुठल्यातरी जुन्या तारखेत जाऊन बसतं. रेकॉर्डिंग होत असतं, पण ते भलत्याच तारखेखाली. आपण कालचा दिवस शोधतो आणि तो कोरा दिसतो, डिस्क मात्र भरलेली. भारनियमनाच्या गावांत हे फार घडतं. स्वस्तातली बॅटरी बदलून, वेळ इंटरनेटवरून जुळवण्याची सोय चालू करून आणि टाइम झोन जीएमटी अधिक 5:30 ठेवून हा प्रश्न मिटतो.

कधी डिस्कच आजारी असते. आतून टकटक असा आवाज, दर काही तासांनी यंत्र आपोआप बंद-चालू होणं, प्लेबॅक अडखळणं ही तिची लक्षणं. घरच्या संगणकासाठीची डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक अशा पाळतीसाठीच्या वेगळ्या डिस्क मिळतात, त्याच घ्याव्यात. यंत्र बंद कपाटात किंवा माळ्यावर कोंबू नये आणि त्याला छोटा यूपीएस जरूर द्यावा. लिहिता लिहिता वीज जाणं डिस्कला फार बाधतं.

वायफाय कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाची कथा निराळी. 64 जीबीचं कार्ड 2 मेगाबिटला तीन दिवसांत भरतं, म्हणजे वर्षात शंभरहून अधिक वेळा पूर्ण पुसून लिहिलं जातं. कार्डातल्या पेशी ठरावीक वेळाच लिहिणं सोसतात. थकलेलं कार्ड स्वतःला फक्त वाचण्यापुरतं ठेवतं. मग ‘कार्ड फुल’ येतं, आपण फॉरमॅट करतो, झालं असं यंत्र सांगतं, आणि कॅमेरा पुन्हा चालू केल्यावर जुन्याच फाइली जशाच्या तशा समोर उभ्या. असं दिसलं की ते कार्ड बदलायचं. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, किती तास रेकॉर्डिंग सोसेल ते सांगणारं कार्ड घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. स्वस्तात 512 जीबी म्हणून विकलं जाणारं कार्ड नकली असू शकतं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने संगणकावर त्याची खरी जागा कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घटना घडली, तर त्याच दिवशी फुटेज उतरवून घ्या. रहाट थांबत नसतो. पेन ड्राइव्ह लावा आणि घटनेच्या आधी-नंतरचा पूर्ण तास, लागू पडतील त्या सगळ्या कॅमेऱ्यांचा, घ्या. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे ते लिहून ठेवा. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून भागवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक फुटेज देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, हेही त्यात नोंदवायचं असतं. पूर्वी भारतीय पुरावा कायद्याचं कलम 65 ब हेच काम करत होतं.

किती दिवस ठेवावं याला एक मोजमाप म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा 2 डिसेंबर 2020 चा निकाल पाहण्यासारखा आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात न्यायालयाने पोलीस ठाण्यांतलं रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायला सांगितलं. तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त जितकं शक्य तितकं, पण वर्षाहून कमी नाही. घराला एवढी गरज नाही. तरी सोसायटीने तीस दिवसांखाली येऊ नये असं मला ठामपणे वाटतं, कारण गाडीवरचा ओरखडा किंवा हरवलेलं पार्सल रहिवाशाला दोन-तीन आठवड्यांनीही आठवतं. वार्षिक सभेत डिस्कच्या खर्चावरून वाद होतो, तेव्हा वरचा 10.8 जीबीचा हिशेब फळ्यावर मांडावा.

नवी डिस्क बसली की जुनी कॅमेरेवाल्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका. घरात कोण कधी येतं, कुलूप कधी लागतं, मुलं शाळेतून किती वाजता परततात, हे सगळं तिच्यात असतं, आणि साध्या फॉरमॅटने ते पूर्ण पुसलं जात नाही. संगणकाला जोडून सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्या. डिस्क बंदच पडली असेल तर आतल्या चकत्यांना आरपार भोकं पाडून घ्या आणि मग ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.