पैसा कुणाच्या हातात पडतो?

आज आपण आफ्रिकेतल्या मसाई बायकांविषयी बोलू.

केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग हा मसाईंचा मुलूख. गाई, शेळ्या, मेंढ्या पाळणारा हा समाज. तिथे घर बांधते ती बाई. काटक्यांचा सांगाडा उभारून ती त्यावर माती आणि शेण लिंपते. गाईचं दूध तीच काढते आणि दुधावर हक्कही तिचाच. रंगीत मण्यांचे दागिने तीच ओवते. पांढरा मणी दुधाचा, निळा आभाळाचा, हिरवा गवताचा, असे रंगांचे अर्थ ती सांगते.

सिंह-हत्ती बघायला जगभरातले पर्यटक केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात येतात. जवळच्या वस्त्याही बघतात. माणशी फी असते. पुरुष उंच उड्यांचा नाच करतात, बायका गातात, घर दाखवतात, माळा विकतात. पण काही ठिकाणी या फीचा मोठा वाटा पर्यटकांना आणणारे ड्रायव्हरच ठेवून घेत, असं दिसून आलं.

म्हणून मसाईंनी वेगळ्या वाटा काढल्या. लायकिपिया भागातल्या इल इंग्वेसी इथे १९९६ साली गावाच्याच मालकीचं पर्यटक निवास सुरू झालं. काम करणारे गावचे, नफाही गावाचा. माराच्या शेजारी जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्यप्राण्यांसाठी राखल्या. पर्यटन कंपन्या त्यांना ठरलेलं भाडं देतात.

इथे एक मेख आहे. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडंही त्यांच्याच नावावर जमा होतं. राखलेल्या जमिनीवर चराईला नियम लागतात. चराई आखडली की दूध आटतं, म्हणजे बाईच्या हक्काचं तेवढं कमी होतं. घरात पैसा आला तरी बाईचा हात रिकामा राहू शकतो.

मण्यांच्या कामाला म्हणूनच मोल आहे. बायका गट करून माळा ओवतात, दर्जा आणि दर ठरवतात. ज्या बाईची माळ, तिला तिचे पैसे मिळतात. त्यातून मुलांची फी आणि घरचा किराणा भागतो.

आपल्याकडेही कृषी पर्यटन वाढतं आहे. पाहुण्यांसाठी चुलीवरची भाकरी आपणच थापणार. आम्ही गटांना एवढंच सांगतो, काम हाती घेण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारा: जागा कुणाच्या नावावर? पैसे कुणाच्या खात्यात? हिशेबाची वही कुणाकडे? उत्तरं ठरावात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मगच चूल पेटवा.